खाल्लेले अंगी का लागत नाही?

शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यावे आणि अंडे न खाणाऱ्या मुलाला केळे द्यावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच शासनाने अंड्यांसाठीचा निधी थांबवला आणि शाळांना हवे असल्यास लोकसहभागातून तो खर्च भागवा, असे सांगून हात झटकले. या निर्णयांवरून जी खडाजंगी झाली तिच्यात एका बाजूला संस्कारांची भाषा होती आणि दुसऱ्या बाजूला प्रथिनांच्या ग्रॅमांची. मी अंड्याच्या बाजूचा आहे. गरिबाच्या मुलाला स्वस्तात मिळणारे इतके चांगले अन्न दुसरे क्वचितच असेल. तरीही हा वाद चुकीच्या जागी घातला गेला असे मला वाटते, कारण तोंडात गेलेला घास अंगी लागतोच, हे दोन्ही पक्षांनी न बोलता गृहीत धरले. मराठवाड्यातल्या लहान मुलांबाबत हे गृहीतक टिकत नाही. घास आणि रक्त यांच्या मध्ये आतड्याचे एक अतिशय पातळ अस्तर असते आणि ते शाबूत ठेवण्याचे काम स्वयंपाकघराइतकेच पाणीपुरवठ्याचे आहे. म्हणून पाण्यावरचा खर्च हा पोषणाचाच खर्च मानून अंदाजपत्रकात मांडला गेला पाहिजे, आणि तो चिल्लर वाटून नव्हे, पुरता झाला पाहिजे.

आधी वयाचा हिशेब. शालेय आहार पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आहे. उंची खुंटण्याचे बहुतेक काम मात्र गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत उरकलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३४.४ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. पाचव्या फेरीत हा आकडा ३५.२ टक्के झाला. पहिलीच्या वर्गात बसलेल्या मुलाला अंडे द्यावेच, त्याची शाळेतली भूक भागते आणि अभ्यासातले लक्ष वाढते; पण या ३५ टक्क्यांशी त्या अंड्याचा संबंध फार थोडा आहे. या वादात कुपोषणाचे आकडे पाच वर्षांखालच्या मुलांचे फेकले गेले आणि उपाय सहा वर्षांवरच्या मुलांचे मागितले गेले, हे कोणालाच कसे खटकले नाही?

आता त्या अस्तराकडे वळू. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला अभिस्तर पेशींचा, म्हणजे पृष्ठभाग झाकणाऱ्या पेशींचा, एकच थर असतो. त्याच्या अलीकडे अन्न, पाणी आणि असंख्य जिवाणू. पलीकडे रक्तवाहिन्या आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा फार मोठा वाटा. हा थर दर तीन ते पाच दिवसांनी जवळजवळ पूर्ण नवा होतो, म्हणजे त्याची सतत उभारणी चालू असते आणि तिला सतत ऊर्जा लागते. दोन पेशींमधली फट कसल्यातरी निर्जीव लेपाने बुजलेली असते, अशी समजूत फार काळ होती. १९६३ मध्ये मेरिलिन फार्कुहार आणि जॉर्ज पालादे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की शेजारच्या पेशींची आवरणे त्यांच्या वरच्या टोकाशी एका पट्ट्यात एकमेकींना भिडलेली असतात. त्यालाच टाइट जंक्शन म्हणतात; मराठीत घट्ट जोड म्हणू. हा जोड कशाचा बनतो हे कळायला आणखी तीस वर्षे गेली. जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये ऑक्लुडिन आणि १९९८ मध्ये क्लॉडिन ही प्रथिने शोधली, आणि क्लॉडिनांचे वीसहून अधिक प्रकार आहेत हे पुढे स्पष्ट झाले. त्यांतली काही फट बंद करतात, तर काही मुद्दाम बारीक छिद्रे ठेवतात: क्लॉडिन-२ सोडियम आणि पाण्याला वाट देते, मूत्रपिंडातले क्लॉडिन-१६ बिघडले तर शरीरातले मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जाते. त्वचेतले क्लॉडिन-१ नसलेले उंदीर जन्मानंतर एका दिवसात मरतात, कारण त्यांच्या अंगातले पाणी कातडीतून उडून जाते. इतक्या सूक्ष्म प्रथिनावर सबंध जीव अवलंबून असतो.

याचा अर्थ हा जोड कायम बंद असलेली भिंत नाही. शरीर तो गरजेप्रमाणे सैल-घट्ट करते, आणि दाहाच्या वेळी प्रतिकारपेशींनी सोडलेले संदेशच तो सैल करतात. मूल दूषित पाणी पिते, अंगणातली माती तोंडात घालते, न धुतलेल्या हातांनी भरवलेल्या घासाबरोबर जंतू गिळते. दर वेळी जुलाब होतातच असे नाही, पण अस्तरावर मारा चालूच राहतो. घट्ट जोड सैल पडतात, जिवाणूंचे तुकडे पलीकडे जातात, प्रतिकारयंत्रणा चवताळते, दाह वाढतो आणि त्या दाहाने जोड आणखी सैल होतात. अन्न शोषून घेणारे बोटांसारखे उंचवटे या चक्रात आखूड आणि बोथट होत जातात. या अवस्थेला पर्यावरणजन्य आंत्रविकार म्हणतात. इथे गळक्या रांजणाची उपमा सहज सुचते, पण ती दिशाभूल करणारी आहे. रांजणातून आतले पाणी बाहेर जाते. इथे मुख्य नुकसान अन्न निसटण्याचे नाही, नको ते आत शिरण्याचे आहे. त्याच्याशी रात्रंदिवस लढणारे शरीर वाढीचा पैसा लढाईत खर्च करते, आणि दीर्घ दाह वाढीची संप्रेरकेही दाबून टाकतो. लोहाचे उदाहरण घ्या. दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक अधिक सोडते आणि ते आतड्यातून लोह रक्तात जाऊ देत नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दहांपैकी जवळजवळ सात मुलांना रक्तक्षय आहे आणि लोहाच्या सिरपचे वाटपही वर्षानुवर्षे चालू आहे. दाहाने दार बंद केले असेल तर बाटल्या मोजून काय होणार?

हे केवळ प्रयोगशाळेतले तर्क नाहीत. १९६० च्या दशकात परदेशी सेवेसाठी माणसे पाठवणाऱ्या अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी संस्थेचे तरुण स्वयंसेवक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात राहायला आले. चांगल्या घरांतली, पोटभर खाऊन वाढलेली ही माणसे. तरी त्यांच्यापैकी अनेकांच्या आतड्यांत हेच बदल आढळले, आणि मायदेशी परतल्यावर ते हळूहळू भरून आले. दोष वंशाचा नव्हता, भुकेचाही नव्हता, जागेचा होता. १९९१ मध्ये गांबियातील बालकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांना दोन प्रकारच्या साखरा पाजून लघवीत त्यांचे प्रमाण मोजले गेले. मॅनिटॉल हा लहान रेणू निरोगी आतडेही शोषते. लॅक्टुलोज हा मोठा रेणू अस्तर सैल असले तरच पलीकडे जातो. वाढ खुंटण्यातला सुमारे ४३ टक्के फरक या एका मापाशी जुळत होता. मुलाचे वजन का वाढत नाही म्हणून आईला ‘काय खाऊ घालतेस’ असे दरडावणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा एकदा ऐकावा.

आता विरोधी बाजूचे, म्हणजे कुपोषणाचे मूळ ताटातच आहे असे म्हणणाऱ्यांचे, बोलणे. ती बाजू कच्ची नाही, आणि तिचा पहिला मुद्दा इतिहासातून येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्राने, म्हणजे कातडी, पोट आणि मेंदू बिघडवणाऱ्या एका रोगाने, हजारो माणसे मरत होती आणि मोठमोठे तज्ज्ञ तो घाणीतून पसरणारा संसर्ग आहे असे सांगत होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून पुढे दाखवून दिले की हा रोग मक्यावर जगणाऱ्यांच्या निकृष्ट आहाराचा आहे. संडास सुधारून तो गेला नसता. आपल्या शेजारीच, हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत, सी. गोपालन यांनी ज्वारी हेच मुख्य अन्न असणाऱ्या गरिबांत हाच रोग नोंदवला. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मराठवाड्याने ही गोष्ट विसरू नये. ताटातल्या उणिवेला स्वच्छतेचा प्रश्न म्हणणे ही गरिबाची भूक नाकारण्याची सोयीची पद्धत ठरू शकते, आणि काही सत्ताधाऱ्यांना ती सोय हवीच असते. शिवाय अन्नात काय आहे हे महत्त्वाचे असते याचा अलीकडचा पुरावाही आहे. २०२१ मध्ये ढाक्यातील मीरपूरच्या वस्तीत हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाण्याचे पीठ आणि कच्ची केळी यांच्या मिश्रणाने कुपोषित मुलांचे वजन नेहमीच्या जास्त उष्मांकांच्या पूरक आहारापेक्षा चांगले वाढले. लातूरच्या बाजार समितीत यातले केळे सोडून बाकी सगळे पोत्यांनी पडलेले असते. त्याचा अंगणवाडीच्या पाकिटाशी मेळ घालायला कोणाची हरकत आहे, हे मला कळलेले नाही.

पण या प्रयोगातून माझ्या विरोधकांना हवा तो निष्कर्ष निघत नाही. ते मिश्रण जास्त उष्मांकांमुळे जिंकले नाही. त्यात उष्मांक कमीच होते. ते निवडले होते आतड्यातल्या जिवाणूंची घडी बसवण्यासाठी. म्हणजे अन्नाचे यशदेखील आतड्याच्या वाटेनेच आले. गोल्डबर्गर यांचा धडाही ‘सगळे आजार ताटातले’ असा नाही. एका कारणावर डोळे लावून बसलेल्यांना दुसरे कारण दिसत नाही, असा आहे. तेव्हा डोळे जंतूंवर खिळले होते, आज ते ताटावर खिळले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पाणी आणि स्वच्छता सुधारली तर मुले उंच होतात का, हे तपासायला बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे येथे मोठे यादृच्छिक प्रयोग, म्हणजे कोणाला सोय द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेले प्रयोग, झाले. त्यांचे निकाल २०१८ आणि २०१९ मध्ये आले आणि ते निराशाजनक होते: संडास, हात धुण्याची सोय आणि क्लोरीन देऊनही मुलांची उंची वाढली नाही, पूरक आहार दिलेल्या गटांत ती थोडी का होईना वाढली. ओडिशातील संडास बांधणीच्या प्रयोगातही आरोग्यात फरक दिसला नव्हता. हे प्रयोग काटेकोर होते आणि त्यांचे निकाल झटकून टाकणारा माणूस विज्ञानाच्या नावावर बोलण्याचा हक्क गमावतो.

प्रश्न एवढाच की या प्रयोगांनी नेमके काय तपासले. त्यांत घराघराला एक स्वस्त संच दिला गेला. नळाने मुबलक पाणी आले नाही, शेजारची गटारे तशीच राहिली, अंगणातली कोंबड्याबकऱ्यांची विष्ठा फारशी हलली नाही. मुलांच्या आतड्यांवरचा जंतूंचा मारा थोडाफार कमी झाला असेल, थांबला नाही. स्वस्त संचाने आतड्याचे अस्तर वाचत नाही, एवढेच यातून सिद्ध झाले. अस्तर वाचले तरी मूल वाढत नाही, हे सिद्ध झालेले नाही, कारण अस्तर वाचवण्याइतकी सुधारणा कोणी केलीच नव्हती. आपल्याच राज्यात २००४ च्या सुमारास तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गावपातळीवर स्वच्छतेचा यादृच्छिक प्रयोग झाला होता. त्यात सबंध गावाला धरून काम झाले आणि मुलांच्या उंचीत मोजता येण्याजोगी वाढ आढळली. एका अभ्यासावर इमला बांधू नये हे मान्य, पण फरक कुठे पडतो याची दिशा तो दाखवतो.

१८९२ चे हॅम्बुर्ग आठवा. एल्बे नदीचे पाणी हॅम्बुर्ग न गाळताच पीत असे. गाळणीचा खर्च नगरसभेने वर्षानुवर्षे पुढे ढकलला होता. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे, म्हणजे अधिक घाण पाणी घेत असे, पण वाळूतून गाळून. त्या वर्षीच्या पटकीत, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत, हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे मेली आणि आल्टोना बहुतांशी वाचले; काही ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशी स्थिती होती. हॅम्बुर्गमधील प्रत्येक घराला त्या वर्षी तुरटीची पुडी वाटली असती आणि तिने फरक पडला नसता, तर पाण्याचा पटकीशी संबंध नाही असे म्हणायचे होते का?

तिसरा आक्षेप घरचा आहे, आणि खरे तर त्याचे मराठवाड्याला अप्रूप वाटायला हवे. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, सुरू झाले. पुढच्या सात वर्षांत राज्यातील दोन वर्षांखालच्या बुटक्या मुलांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आल्याचे २०१२ च्या सर्वेक्षणात दिसले. तेव्हा कुठे नळाला चोवीस तास पाणी आले होते? नव्हते आले, हे कबूल. गरोदरपणातील तपासण्या, दवाखान्यातली बाळंतपणे, मुलींचे शिक्षण, लसीकरण, अंगणवाड्यांवरची देखरेख अशा अनेक गोष्टी एकाच वेळी सुधारल्या आणि त्यांचे फळ मिळाले. पण त्यानंतर राज्याची गाडी अडली आहे. सर्वेक्षणांच्या पद्धती आणि वयोगट वेगळे असल्याने आकड्याला आकडा लावता येत नाही. तरी दोन कुटुंब सर्वेक्षणांच्या मध्ये काहीच सुधारू नये हे पुरेसे बोलके आहे. व्यवस्था नीट चालवून जे मिळण्यासारखे होते ते मिळाले. उरलेला भाग अधिक खर्चिक आहे आणि त्याला पाइप लागतो.

जुलाबांनी होणारे मृत्यू घटले, यानेही आपल्याला थोडे झोपवले आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या रुग्णांतील मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपासून चार टक्क्यांच्या खाली आणले. आजारी आतडेही साखरेबरोबर सोडियम आणि पाणी ओढून घेते, या ज्ञानाचा इतका सुंदर उपयोग दुसरा झालेला नाही. पण ओआरएस जीव वाचवते, मारा थांबवत नाही. मूल मेले नाही म्हणजे त्याचे आतडे बरे झाले, असा हिशेब आपण करत आलो.

या विषयाचे आणखी एक नुकसान बाजाराने केले आहे. ‘लीकी गट’ नावाने आतड्याचे अस्तर शिवून देणारी चूर्णे, गोळ्या आणि दीड हजारांच्या तपासण्या शहरांत विकल्या जातात आणि थकव्यापासून केस गळण्यापर्यंत सगळ्याचे खापर त्या अस्तरावर फोडले जाते. सीलिअॅक आणि क्रोन यांसारख्या आतड्याच्या आजारांत अस्तर सैल होते हे खरे आहे; पण घट्ट जोड आवळण्यासाठी बनवलेले लॅराझोटाइड हे औषध सीलिअॅकवरच्या अंतिम टप्प्यातील चाचणीत अपेक्षित परिणाम दिसत नसल्याने २०२२ मध्ये थांबवावे लागले. घट्ट जोड सैल करणारे झोन्युलिन हे प्रथिन मोजण्याच्या बाजारातल्या तपासण्या भलतीच प्रथिने मोजतात, असे संशोधकांनी दाखवले आहे. यामुळे अनेक समंजस डॉक्टर या विषयाचे नाव काढले की हसतात. त्यांचे हसू संभाजीनगरच्या जिमपुरते योग्य आहे. पण ज्यांची आतडी खरोखर सैल पडली आहेत त्या मुलांपर्यंत हा बाजार कधी पोचणारही नाही, आणि त्यांचा विषय मात्र या हसण्यात वाहून जातो.

मराठवाड्यात हा मारा कुठून येतो? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. ती बातमी देशभर गाजली. पण दर उन्हाळ्यात गावोगावी येणाऱ्या टँकरची बातमी होत नाही. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटरचे आहे आणि टंचाईत टँकरचे माप माणशी २० लिटरचे. वीस लिटरमध्ये स्वयंपाक, पिणे, जनावराची तहान आणि बाळाचे धुणे भागवणारी आई हात किती वेळा धुईल? नळ आठवड्याने येतो तिथे पाणी टिपाडात साठते, त्यात तांब्या बुडतो आणि तांब्याबरोबर बोटे. ग्रामीण महाराष्ट्र २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. संडास बांधले गेले हे खरे, पण पाण्यावाचून त्यांतले किती सरपणाची खोली झाले हे गावात कोणालाही विचारावे. गाडगेबाबांच्या नावाने २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने गावे झाडली, रांगोळ्या काढल्या, बक्षिसे दिली. तो उत्साह खरा होता. पण झाडू पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

सगळ्यात उघडी पडलेली मुले ऊसतोड मजुरांची आहेत. बीड, धाराशिव, परभणी, जालना या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या जोडप्याबरोबर तान्हे मूल जातेच. कारखान्याच्या थळावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, उसाच्या पाचटाची कोपी, पिण्याला पाटाचे किंवा शेततळ्याचे पाणी, संडास म्हणजे फडाची कड. आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांतले एक किंवा दोन हंगाम मूल असे काढते, नेमके त्या वयात ज्या वयात आतड्याच्या अस्तरावरचा मारा उंचीतून कायमचा वसूल होतो. शासनाने या मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढले, गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढीच भर राज्याची, असा निधी ठरवला आणि मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे सुरू केली. वसतिगृहे हवीतच. पण ती शाळेच्या वयाची आहेत. अंगावर पिणारे मूल कोपीतच राहते. या निधीतला पहिला हक्क त्या मुलाचा आहे. थळ उभे राहण्यापूर्वी तिथे क्लोरीनयुक्त पाण्याची टाकी, चालू नळ आणि पाणी असलेले संडास दाखवल्याशिवाय साखर आयुक्तांनी गाळप परवाना देऊ नये, आणि तपासणी मुकादमाच्या सहीवर नव्हे, तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या पाणी नमुन्यावर व्हावी. खर्च फार येईल, असे कारखाने म्हणतील. गाळणीबद्दल हॅम्बुर्गची नगरसभाही तेच म्हणत होती.